दुर्मीळ क्षयाची अर्धीच बातमी

महोदय,

2021 साली युरोपातील सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या एलएचसीबी प्रयोगात बी मेसॉन या अल्पायुषी कणाच्या क्षयातून, म्हणजे इतर कणांत होणाऱ्या त्याच्या रूपांतरातून, म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण) व इलेक्ट्रॉन हे सिद्धांताच्या अपेक्षेप्रमाणे समान प्रमाणात निघत नसल्याचे संकेत मिळाले, तेव्हा भौतिकशास्त्राचा पायाच हादरल्याच्या बातम्या झळकल्या. इलेक्ट्रॉन समजून चुकीने मोजले गेलेले अन्य कण हिशेबातून वगळल्यावर ती तफावत उरली नाही, असे त्याच गटाने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केले. त्या कबुलीला मात्र फारशी जागा मिळाली नाही.

यावरून असे प्रयोग निष्फळ ठरवणे चूक होईल. जो क्षय प्रमाण प्रारूपाच्या, म्हणजे मूलभूत कणांच्या प्रचलित सिद्धांताच्या, नियमांनुसार जवळपास घडतच नाही, त्यात एखाद्या अज्ञात जड कणाचा किंचित हस्तक्षेपही उठून दिसू शकतो, मग तो कण प्रत्यक्ष निर्माण करण्याइतकी ऊर्जा आपल्या त्वरकात (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात) नसली तरी चालते. सर्नच्याच एनए62 प्रयोगाने 2024 मध्ये धनभारित केऑन या अल्पायुषी कणाचे एक पायॉन (त्याहून हलका कण) आणि न्यूट्रिनोंची (जवळपास वस्तुमानहीन, विद्युतभार नसलेल्या कणांची) जोडी यांत होणारे रूपांतर निश्चितपणे नोंदवले. दहा हजार कोटी केऑनांमागे सुमारे 13 वेळा ते घडते. सिद्धांताची अपेक्षा आठ-नऊची आहे. मापनातील अनिश्चितता तीनच्या आसपास असल्याने हा फरक अद्याप शोध म्हणता येत नाही, आणि प्रयोगकर्तेही तसे म्हणत नाहीत.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ जपानमधील बेल-2 प्रयोगात सहभागी आहेत, जिथे बी मेसॉनच्या अशाच क्षयांचा शोध सुरू आहे. तेथील आकड्यांसोबत त्यांची अनिश्चितताही आपण छापावी, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे