खोक्यावर शाळा, व्हीलचेअर मात्र दवाखान्यात

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : शाळा संचाच्या खोक्यावरील चित्र व आतील खेळणी यांतील तफावत

महोदय,

आपल्या 'गाव' मालिकेतला शाळा संच मी बर्डीवरच्या दुकानातून घेतला तो खोक्यावरचं चित्र बघून. फळ्यासमोर व्हीलचेअरवर बसलेली मुलगी हात वर करून उत्तर देते आहे, असं ते चित्र. माझी लेक सेरेब्रल पाल्सीमुळे व्हीलचेअर वापरते आणि रोज शाळेत जाते. ते चित्र दिसल्यावर बाकी काही वाचत बसले नाही.

घरी उघडलं तर बाहुल्या होत्या, बाकं होती, व्हीलचेअर नव्हती. खोक्याच्या तळाशी, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत लिहिलंय, 'चित्रातील काही वस्तू स्वतंत्रपणे उपलब्ध'. स्वतंत्रपणे म्हणजे रुग्णालय संचात, हे दुकानदाराने सांगितलं. मग तोही घेतला.

त्यातली खुर्ची आपण एकदा हातात घेऊन बघाच. चाकं खुर्चीच्याच साच्यात ओतलेली, फिरतच नाहीत. मागे नर्स, आणि तिचे दोन्ही हात खुर्चीच्या मुठींना पक्के चिकटवलेले. बसलेल्या मुलाच्या पायाला प्लास्टर, कपाळाला पट्टी. माझी मुलगी आपली चाकं आपणच फिरवते, तळहाताला घट्टे पडलेत तिच्या. ती कोणाची पेशंट नाही. फूटपट्टी खुपसून ती त्या नर्सला सोडवू पाहत होती, शेवटी मी सुरीने हात कापून वेगळे केले.

इतकं करूनही खुर्ची शाळेत जात नाही. खुर्ची ५ सेंमी रुंद, शाळेचं दार ४. रुग्णालयाचं दार मात्र चांगलं ९ सेंमी!

ही चूक नवी असती तर समजून घेतलं असतं. १९९७ साली बार्बीची व्हीलचेअरवरची मैत्रीण बेकी बाजारात आली तेव्हा तिची खुर्ची बार्बीच्याच घराच्या लिफ्टमध्ये मावत नव्हती, आणि त्यावर चांगलाच गवगवा झाला होता. २०१९ मध्ये त्याच कंपनीने व्हीलचेअरवरची बार्बी काढली ती रॅम्पसकट. लेगोने २०१६ मध्ये आपला व्हीलचेअरवरचा तरुण बसवला तो बागेत, सोबत कुत्रा देऊन. आमच्याकडे नागपुरात, पारडीला दिव्यांगांसाठीचं उद्यान आखताना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार डोळ्यापुढे ठेवले गेले. आपल्या 'गाव' मालिकेत मात्र व्हीलचेअरला एकच पत्ता आहे.

आपल्या ग्राहक सेवेचं उत्तर आलं, 'उत्पादनात दोष आढळला नाही, परतावा देता येणार नाही.' प्लास्टिक तडकलेलं नाही हे मलाही दिसतंय. माझी तक्रार चित्राबद्दल आहे. जे खोक्यात नाही आणि दारातून आतही जात नाही, ते दाखवून माल विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात ठरते.

दोन्ही संचांचे पैसे परत करावेत. चित्र तरी बदला, नाहीतर फिरत्या चाकांची खुर्ची शाळा संचातच द्या आणि दार रुंद करा. नर्सचे हात मोकळे ठेवा, ढकलायला कोणी हवं असेल तर खेळणारं मूल ठरवेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी नागपूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. त्याच कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे मला आपल्या शहरापर्यंत येण्याची गरज नाही.

सोबत : दोन्ही पावत्या, खोक्याचे व दारात अडकलेल्या खुर्चीचे फोटो.

आपली,
एक ग्राहक, नागपूर