१४४ हर्ट्‌झचा मॉनिटर, वेग मात्र ६० चा

संपादक महोदय,

संगणक दुरुस्तीच्या कामात एक तक्रार सारखी कानावर येते: गेमिंगसाठी १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर घेतला, पण फरक काहीच जाणवत नाही. (हर्ट्‌झ म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं तो आकडा.) मॉनिटर बहुतेक वेळा धडधाकट असतो. विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमध्ये आकडा ६० वरच राहिलेला असतो. तो आपणच बदलायचा. १४४ चा पर्यायच दिसत नसेल, तर आधी केबल बघावी. कित्येकदा ती चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डाच्या, पोर्टात खोचलेली असते. पोर्टाचीही मर्यादा असते. एचडीएमआय १.४ या प्रकारच्या पोर्टावरून १४४०पी (२५६० × १४४० ठिपक्यांचं) चित्र १४४ हर्ट्‌झने जाऊच शकत नाही, डिस्प्लेपोर्ट १.२ या दुसऱ्या प्रकारच्या पोर्टावरून जातं. ६० हर्ट्‌झला एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १४४ ला जेमतेम ७. माउस गरगर फिरवून बघा, पॉइंटरच्या ठिपक्यांमधलं अंतरच फरक सांगतं: ६० ला जास्त, १४४ ला कमी.

मला राग येतो तो खोक्यावरच्या मजकुराचा. वेग ठळक अक्षरांत, आणि तो कोणत्या पोर्टवर मिळेल हे आत माहितीपत्रकात, बारीक टाइपात. पोरं पै-पै साठवून ही वस्तू घेतात आणि महिनोन्‌महिने निम्म्याहून कमी वेगावर खेळत बसतात. प्रत्येक पोर्टाची कमाल मर्यादा खोक्यावरच छापणं कंपन्यांना बंधनकारक करावं.

— एक संगणक दुरुस्ती कारागीर