लाल अक्षरातला आकडा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या भागात एका लॅबचं शिबिर झालं. उपाशीपोटी या, सत्तर तपासण्या निम्म्या दरात. माझ्या धाकट्या बहिणीनं, वय ४६, 'करून तर बघू' म्हणून रक्त दिलं. साखर, थायरॉइड, सगळं ठीक. शेवटच्या पानावर मात्र 'सीए-१२५'पुढं लाल अक्षरात ६८, आणि मर्यादा ३५. रात्री दहाला व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. भाच्यानं मोबाइलवर शोधलं : अंडाशयाच्या कॅन्सरचा मार्कर, म्हणजे रक्तातली खूण. पुढचे चार दिवस त्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. बहिणीनं तर पाटल्या कुठल्या सुनेला द्यायच्या तेही सांगून टाकलं.

राजारामपुरीतल्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. गर्भाशयात फायब्रॉइडच्या दोन गाठी, अंडाशय व्यवस्थित. त्यांनी एवढंच विचारलं, "ही तपासणी लिहून कुणी दिली?" कुणीच नाही. पॅकेजात होती.

मग मी वाचत बसलो. हा आकडा फायब्रॉइडनं वाढतो, एंडोमेट्रिऑसिसनं (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारानं) वाढतो, पाळीच्या दिवसांत वाढतो. पोटाच्या क्षयानं तर शेकड्यांत जाऊ शकतो, आणि क्षय आपल्याकडं काही नवा पाहुणा नाही. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या २ लाखांहून अधिक बायकांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला. काहींची दरवर्षी ही रक्ततपासणी, काहींची सोनोग्राफी, काहींचं काहीच नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष आला : तपासण्यांमुळं अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. निदान झालेल्या बाईला औषध लागू पडतंय का, हे बघायला मात्र हाच मार्कर फार उपयोगी.

मी तपासण्यांच्या विरोधात नाही, कसा असेन? दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीत कळ आली. ईसीजी नॉर्मल. तीन तासांनी पुन्हा केलेल्या रक्ततपासणीत ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन, वाढलेलं निघालं, म्हणून त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली आणि आज हे पत्र लिहितोय. पण तिथं आधी दुखणं होतं, मग तपासणी. अमेरिकेत मे २०२५ मध्ये अल्झायमरसाठी पहिल्या रक्ततपासणीला मंजुरी मिळाली, तीही ५५ वर्षं आणि त्यापुढच्या, विसरभोळेपणासारखी लक्षणं दिसणाऱ्यांसाठीच. उद्या तीही कुठल्यातरी पॅकेजात 'फ्री' येईल आणि चष्मा कुठं ठेवला हे विसरणारे आमच्यासारखे म्हातारे रांगेत उभे राहतील.

माझं मागणं फार नाही. कॅन्सरचे मार्कर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करू नयेत. आणि असा आकडा आलाच, तर रात्री पीडीएफ धाडून मोकळं न होता लॅबच्या डॉक्टरांनी स्वतः फोन करावा. पाच मिनिटं लागतात.

जाता जाता एक. त्या शिबिराचं पत्रक पहाटे आमच्या दारात पडलं ते आपल्याच अंकात घालून. ते विक्रेत्यानं घातलं असणार, आपला त्यात दोष नाही, हे कळतं. पण पुढचं पत्रक येईल त्या दिवशी आतल्या पानावर हे पत्र असलं तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक
मंगळवार पेठ, कोल्हापूर