मोहोर खुडला म्हणून रागावलीस

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

परवा तू न जेवताच एस.टी.त बसलीस. परीक्षेच्या निकालाविषयी एक अक्षरही लिहायचे नाही असे ठरवूनच हे पत्र लिहायला घेतले आहे. मला फक्त कातळावरच्या आंब्याच्या कलमांविषयी सांगायचे आहे. मी त्यांचा मोहोर खुडत होते तेव्हा तू म्हणालीस की, आलेला मोहोर जी हाताने तोडते तिने दुसऱ्याला धीर धरायला सांगू नये. त्याचे उत्तर मला तेव्हा सुचले नाही. खोलीवर रात्रीचे जेवतेस ना?

कलमाची काडी जुन्या, फळत्या हापूसची असते, त्यामुळे तिचे मोहोरायचे वय आधीच झालेले असते. ती ज्यावर बांधतात तो खालचा रायवळ आंब्याचा खुंट मात्र नुकता कोयीतून उगवलेला. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच शेंड्यावर मोहोर दिसतो, आणि तो राखला तर ज्या अन्नावर मुळे आणि फांद्या वाढायच्या ते फळांकडे जाते. पहिली ३-४ वर्षे तो काढायचा, खुंटाला फुटलेले धुमारे काढायचे आणि उन्हाळ्यात आळ्यात पाणी घालत राहायचे, एवढेच आपल्या हाती असते. मोहोर वाईट म्हणून मी तो तोडत नाही; तो पाहून मलाही आनंद होतोच. तूही लहानपणापासून सगळ्यांच्या पुढे असायचीस, शाळेतून तुझे नाव आले की तुझे बाबा पंचक्रोशीत सांगत फिरायचे, आणि त्या कौतुकात तुझ्या झोपेकडे व खाण्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. आताही फोनवर तुझा आवाज बसलेला वाटतो. पहाटे तीनपर्यंत चहावर जागून वाचलेले टिकत नाही, शरीर आधी सांभाळावे लागते, आणि... बघ, शिकवायला लागलेच. क्षमा कर.

आजोबांचे आठवते का तुला? कातळात सुरुंग लावून त्यांनी खड्डे काढले आणि खालच्या मळ्यातली माती डोक्यावरून वाहून ते भरले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ साली काढलेल्या रत्ना आंब्याची दोन कलमेही त्यांनी मोठ्या हौसेने लावली होती. पण मला अधिक आठवतात ती दगडी गडग्याकडेची कोकमे. त्या काळी ती बियांच्या रोपांवरूनच लावत. रोपाला फूल येईपर्यंत सात-आठ वर्षे जातात, आणि झाड नर की मादी हे त्याआधी कळत नाही. आजोबांची जवळजवळ निम्मी नर निघाली. परागासाठी एखाददुसरे ठेवून बाकीची त्यांनी तोडली. त्या दिवशी ते फारसे बोलले नाहीत, पण दुपारी नेहमीसारखे पोटभर जेवले आणि पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा रोपे लावली. मी नवी सून होते. इतकी वर्षे पाणी घालून झाड तोडणाऱ्या माणसाला एवढे शांत राहता येते, याचे मला फार नवल वाटले होते.

म्हणून थांबलीस की यश मिळेलच, असे मी तुला सांगणार नाही. ते मला ठाऊक नाही आणि तसे वचन देणे खोटेपणाचे होईल. पुन्हा परीक्षेला बसायचे, की नोकरी धरायची, की वर्षभर घरी येऊन राहायचे, ते तू ठरव. बाबांची समजूत मी काढीन. तू कोणताही निर्णय घेतलास तरी मला तुझा अभिमानच वाटेल. उपाशीपोटी मात्र तो घेऊ नकोस, एवढे एक मागते.

धाकट्या काकांबरोबर कुळथाचे पीठ, कोकमाचे आगळ आणि थोडे तांदूळ पाठवते आहे. पिठी पटकन होते, लसूण भरपूर घाल. पत्र मिळाले की काय जेवलीस ते कळव.

तुझी,
आई