धिंड, लक्तरं आणि पाचशेची नोटीस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी गेली 22 वर्षं कोर्टाच्या कंपाऊंडला लागून टायपिंग करतो. आधी मशीनवर, आता कॉम्प्युटरवर. भाडेकरार, अ‍ॅफिडेव्हिट, वारसाचे अर्ज आणि महिन्याला एखादी अब्रुनुकसानीची नोटीस. जुन्या दंड संहितेचं कलम 500 आता बदललं, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेचं 356 झालं, पण आमच्याकडे अजून सगळे 'पाचशेची नोटीस' असंच म्हणतात.

या नोटिशीत एक गंमत असते. पक्षकार स्टुलावर बसून सांगतो की साहेब, त्यानं डेअरीवर भर गर्दीत माझ्या बापाला चोर म्हटलं, पार इज्जत काढली हो, घरी जाऊन दोन दिवस जेवलो नाही. वकीलसाहेब ऐकतात आणि मला म्हणतात, लिही, 'सामनेवाला यांनी माझे अशिलांची समाजातील प्रतिष्ठा मलिन करून बदनामी केली'. झालं. डेअरी गेली, बाप गेला, दोन दिवसांचा उपासही गेला.

तुमच्या पेपरात बरोब्बर उलटं चालतं. मागच्या आठवड्यात शहराच्या पानावर हेडिंग होतं, प्रशासनाची लक्तरे वेशीवर. मी चहा बाजूला ठेवून वाचलं, आत काय तर एका नगरसेवकानं विचारलं पाणी पहाटे चार वाजता का सोडता, आणि इंजिनिअर म्हणाले बघतो. याला लक्तरं म्हणायचं? मग खरोखर कुणाची लक्तरं निघतील तेव्हा काय छापणार?

आपल्याकडे या कामासाठी शब्द काय कमी आहेत का. खरडपट्टी वरचा माणूस काढतो, आणि ती कामावरून असते, संध्याकाळी दोघं एकाच टपरीवर चहा पितात. वाभाडे भाषणाचे, बजेटचे निघतात. उणीदुणी घरातली माणसं काढतात, आणि दोन्ही बाजूंनी. कुचाळक्या पाठीमागे. कंडी कुणी पिकवली ते तर शेवटपर्यंत कळतच नाही. शिंतोडे उडवणाऱ्याकडे पुरावा नसतो, भांडं फोडणाऱ्याकडे असतो, आणि कायद्यात सगळी मेख इथेच आहे, कारण फौजदारी केसमध्ये बोललेलं खरं आहे आणि ते लोकांच्या भल्यासाठी बोललंय एवढं दाखवता आलं तर ती बदनामी होत नाही. नुसतं खरं असून भागत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नाहीतर दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि नवीन कायद्यात समाजसेवेचीही सोय केलीय.

अब्रू हा मूळचा फारसी शब्द, आब म्हणजे पाणी आणि रू म्हणजे चेहरा. तोंडावरचं पाणी. आपला पाणउतारा पण त्याच्याच शेजारचा. (हे मला एका म्हाताऱ्या वकिलांनी सांगितलं, फी न घेता.)

पण हे पत्र खरं म्हणजे एकाच शब्दासाठी लिहितोय, धिंड. तोंडाला काळं फासून, गाढवावर उलटं बसवून गावातून फिरवायचे, ती धिंड. हा शब्द साधा नाही. 1989 च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात दलित-आदिवासी माणसाला नागवं करून किंवा तोंड रंगवून फिरवणं हा वेगळा गुन्हा म्हणून लिहावा लागला, तो काय उगाच नाही. आणि तुम्ही छापता, 'गुंडांची पोलिसांनी काढली धिंड', चार कॉलम फोटो, हात जोडलेली लंगडणारी पोरं, खाली नागरिकांकडून पोलिसांचे कौतुक. पोलिसांच्या कागदात मात्र हा शब्द कधी सापडायचा नाही, तिथे 'तपासकामी घटनास्थळी नेले' असतं. ते आरोपी असतात, केस उभी राहायची असते. बेड्यासुद्धा सरसकट घालायच्या नाहीत असं सुप्रीम कोर्टानं 1980 सालीच सांगितलंय.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते, पोरगा निर्दोष सुटला होता. निकालाची नक्कल आणि पेपरचं कात्रण, दोन्ही एकाच प्लास्टिकच्या पिशवीत. कात्रण घडीवर फाटायला आलेलं, मागून सेलोटेप लावलेली. म्हणाले, यात धिंड लिहिलंय, नोटीस पाठवून ते मागं घेता येतं का बघा. वकीलसाहेबांनी वाचलं आणि परत दिलं, कारण फोटो खरा, बातमी खरी, नोटीस कुणाला पाठवणार? आणि निकालाची बातमी कुठे आली होती विचारलं तर कुठेच नव्हती. त्या दिवशी मी काही टाईप केलं नाही.

बदनामी म्हणजे काय हे तुम्हा पेपरवाल्यांना मी सांगायला नको खरं तर. 1882 मध्ये कोल्हापूरच्या कारभाऱ्यांबद्दलची पत्रं छापली म्हणून टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते, आणि ती पत्रं बनावट निघाली होती. माफी मागायला दोघं तयार होते तरी खटला चाललाच.

तर विनंती एवढीच की 'आरोपींना रस्त्यातून चालवत नेले' असं छापा. हेडिंगला जागा जास्त लागेल हे कळतं मला, पण मग फोटो तीन कॉलम करा.

आपला,
कोर्टाबाहेरचा टायपिस्ट

ता.क. 'अब्रुनुकसानी'तला रु पहिला की दुसरा ते एकदा ठरवा, परवा एकाच पानावर दोन्ही होते.