पिल्लाला घेऊन येतेय, काळजी करू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोन ठेवताना आईचा आवाज जड झाला होता, ते मला कळलं. ‘एवढ्याशा जिवाला घेऊन एकटी विमानात बसणार, त्याचे कान दुखले तर?’ असं आई तू तीनदा म्हणालीस, आणि मी नुसतं ‘होईल गं सगळं’ म्हणून विषय संपवला. नंतर फार वाईट वाटलं. तुझं विचारणं अगदी बरोबर होतं, त्याला नीट उत्तर द्यायला हवं होतं. म्हणून सावकाश लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तरी बाबा, तुम्हीच तिला वाचून दाखवा.

आधी कानांचं. गेल्या आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. कान स्वच्छ आहेत, सर्दी नाही. कानाच्या पडद्यामागच्या पोकळीतून एक बारीक नळी घशाच्या मागे उघडते. आपण गिळलं किंवा जांभई दिली की ती उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. तान्ह्या बाळांची ही नळी अरुंद, आखूड आणि बरीचशी आडवी असते, शिवाय मुद्दाम जांभई द्यायचं त्याला कुठून कळणार? विमान वर जाताना आतली हवा आपसूक बाहेर निसटते. खाली येताना तिला परत आत शिरायचं असतं आणि तिथे ती अडते. म्हणून खरा त्रास होतो तो उतरताना, तोही जमिनीला टेकण्याच्या क्षणी नव्हे, तर त्याआधी वीस-तीस मिनिटं. मी एक वेळचं दूध त्या वेळेसाठीच राखून ठेवणार आहे. चोखत राहिला की गिळत राहील. झोपला असेल तरी उठवणार, कारण झोपेत गिळणं कमी होतं. झोपलेल्या बाळाला उठवायचं तुझ्या जिवावर येतं ते मला माहीत आहे, पण या वेळी ऐक माझं.

झोपेच्या थेंबांचं तू सुचवलंस, तेही विचारलं. डॉक्टर ठाम ‘नाही’ म्हणाले. एवढ्या लहान बाळाच्या श्वासावर अशा औषधाचा परिणाम होऊ शकतो, आणि काही मुलं तर झोपण्याऐवजी उलट जास्तच चिडचिडी होतात. तो रडला तर रडेल, मी त्याला घेऊन फेऱ्या मारीन. निघण्याआधी सर्दी-ताप आलाच तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निघणार नाही. तारीख बदलता येईल असंच तिकीट काढलंय.

बाबा, तुम्ही विरळ हवेचं विचारलं होतं. विमान कितीही उंच असलं तरी आतला दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो. वेळेवर जन्मलेल्या, धडधाकट बाळाला तो सोसतो. आपला पाच महिन्यांचा आहे, वजनही छान आहे. हवा मात्र फार कोरडी असते, तेव्हा त्याला नेहमीपेक्षा लवकर लवकर पाजीन, आणि मीही पाणी पीत राहीन.

जागेचा थोडा घोळ झाला होता. दोन वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र जागा घ्यावीच लागत नाही, तो मांडीवर बसतो. मी पुढच्या भिंतीसमोरची जागा मागितली, कारण बाळाचा पाळणा तिथेच अडकवता येतो. आधी दिली आणि मग बदलली. मला रागच आला. पण फोन करून विचारलं तेव्हा समजलं की त्या बाजूच्या तीन जागांत आधीच एक तान्हं बाळ आहे. दर रांगेच्या वर प्राणवायूचे मुखवटे जागांपेक्षा सहसा एकच जास्त असतो, म्हणून एका बाजूला मांडीवरचं मूल एकच. हे कारण कळल्यावर राग कुठच्या कुठे गेला. आता पलीकडच्या बाजूची जागा मिळाली आहे, पाळण्यासकट. विमान हलायला लागलं की त्याला पाळण्यातून काढून मांडीवर घ्यायचं आणि त्याचा छोटा पट्टा माझ्या पट्ट्यात अडकवायचा. दोघांभोवती मिळून एकच पट्टा कधीच बांधायचा नाही, कारण जोराचा धक्का बसला तर माझ्या अंगाचा सगळा भार त्याच्यावर येईल.

दुधाची काळजी सोडा. मी अंगावर पाजतेच. वरचं लागलं तर पावडर एकेका वेळेपुरती मोजून छोट्या डब्यांत भरलीय आणि उकळलेलं पाणी थर्मासमध्ये. आयत्या वेळी कालवायचं, उरलेलं ओतून द्यायचं. २००६ पासून बऱ्याच विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीतून द्रव नेऊ देत नाहीत, पण बाळाच्या दुधापाण्याला प्रवासापुरती सवलत असते. तपासणीच्या वेळी ते आपणहून बाहेर काढून दाखवायचं, म्हणजे बॅग उचकटत बसत नाहीत. लंगोट ताशी एक या हिशोबाने आणि वर चार जास्त. कपडे त्याचे तीन जोड आणि माझा एक. आपलाही जोड लागतो, हे मैत्रिणीने सांगितलं नसतं तर मला सुचलं नसतं.

आणि हो, गेले चार दिवस मी घरी सराव करतेय. खुर्ची भिंतीला लावते, समोर दुसरी खुर्ची इतकी जवळ ओढते की गुडघे टेकतील, बॅग पायांत, पिल्लू मांडीवर. आणि एका हाताने सगळं काढायचं. पहिल्या दिवशी लंगोट तळाशी गेले होते आणि पुसायचा रुमाल सापडेपर्यंत त्याने माझा चष्मा ओढून खाली पाडला. आता प्रत्येक बदलीचं सामान वेगळ्या पिशवीत बांधलंय: एक लंगोट, ओले रुमाल, खाली पसरायचं पातळ कापड आणि एक जोड. एक पिशवी उचलली की काम झालं. काल डोळे मिटून हात घातला तरी नेमकी पिशवी हाताला लागली. आई, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की जमेल आपल्याला.

विमान उतरल्यावर बाहेर यायला आम्हाला वेळ लागेल. सगळे उतरल्यावरच मी उठणार, बाबागाडीही सामानाबरोबर येईल. तेव्हा बाबा, लवकर येऊन उभे राहू नका, तुमच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. बसायला जागा असेल तिथेच थांबा, आम्ही येतो तुमच्यापर्यंत.

तो दमलेला असेल, कदाचित रडतच हातात येईल. आई, तेव्हा रोज फोनवर त्याला जे गुणगुणून दाखवतेस ना, तेच गुणगुण. तो आवाज ऐकला की तो आजही रडायचा थांबतो आणि फोनच्या मागे वळून बघतो, की आजी कुठे आहे.

तुमची,
लेक