‘कोणता हात ठेवलास?’ विचारणाऱ्या दादास

दादा,

तुला तोंडावर ‘थँक्यू’ म्हटलं की तू ‘चहा घेणार का’ विचारतोस आणि विषय मिटवतोस. म्हणून हे उघडं पत्र, चारचौघांसमोर. वहिनींनाही वाचून दाखव. आपण दोघं त्या दुकानाच्या पोटमाळ्यावर दर रविवारी रमी खेळायचो, असं त्यांना अजून वाटतं.

बाकीच्यांसाठी थोडं सांगावं लागेल, तेवढं तू सोडून पुढे जा. मॅजिक: द गॅदरिंग हा १९९३ साली आलेला पत्त्यांचा खेळ, रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञानं काढलेला. इथे टेबलावर एकच कॅट नसतो. ज्यानं त्यानं आपापला साठ कार्डांचा डेक घरून बांधून आणायचा. दोघांचं आयुष्य वीस-वीस, सुरुवातीला हातात सात कार्डं. कार्ड खेळायला मॅना लागतो, मॅना लँडमधून मिळतो, आणि लँडही त्याच साठांत पिसलेली असते. ती आली नाही तर बाकीची कार्डं म्हणजे नुसती रंगीत चित्रं. पहिला हात आवडला नाही तर परत पिसून नवा घेता येतो, पण मग एक कार्ड कमी. याला मलिगन म्हणतात, आणि हे पत्र बरंचसं त्याच्याबद्दलच आहे.

आमच्या बाबांच्या लेखी हे सगळं ‘पत्ते कुटणं’. हा खेळ काढणारा माणूस गणितात पीएच.डी. आहे, असं मी त्यांना एकदा मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते म्हणाले, ‘त्याची झाली. तुझं गणिताचं एम-थ्री कधी सुटणार?’

तर २०१८चा पावसाळा. माझी पहिली मोठी स्पर्धा. डोंबिवलीहून निघालो आणि मुलुंडला गाडी थांबली ती थांबलीच, कारण माटुंग्यापर्यंत मेगाब्लॉक. पोचलो तेव्हा पहिली फेरी सुरू होऊन बारा मिनिटं झाली होती. दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला की सामना गेला, असा नियम. डेक पिशवीतून काढायच्या आत मी एक सामना हरलेला होतो.

दुसऱ्या फेरीत सात कार्डांत एकच लँड आली, पण सोबत तीन लाइटनिंग बोल्ट. बोल्ट म्हणजे एका लाल मॅनात तीनचा फटका. माझा डेक ‘बर्न’, वीस लँडचा, भराभर फटके मारून संपवायचा. इतका देखणा हात टाकवेना. ठेवला. दुसरी लँड चौथ्या पाळीला आली, तोवर कारभार आटोपला होता. तिसऱ्या फेरीत मी आयुष्याचा हिशेब वीस बाजूंच्या फाशावर ठेवत होतो. कुणाचा तरी धक्का लागला आणि फासा गडगडत खाली गेला. मी म्हणालो समोरचा तीनवर आहे, तो म्हणाला सहावर. त्याच्याकडे कागद होता, प्रत्येक फटका ओळीनं लिहिलेला: वीस, सतरा, पंधरा, बारा, नऊ, सहा. जजनं कागद मानला. (आणि कागद बरोबर होता. एक बोल्ट मी त्याच्या टेबलावरच्या प्राण्याच्या कार्डावर मारला होता आणि हिशेबात त्याच्या आयुष्यातून कापला होता. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.) चौथी फेरी कशी हरलो ते आठवतही नाही.

जिन्याशेजारच्या टेबलावर तू डब्यातले पोहे खात बसला होतास. ओळख ना पाळख. ‘दुसऱ्या फेरीत कोणता हात ठेवलास रे?’ एवढंच विचारलंस. मी मेगाब्लॉकपासून सुरू केलं. फाशापर्यंत आलो. तू सगळं ऐकून घेतलंस, डब्याचं झाकण लावलंस आणि परत विचारलंस, ‘ते झालं. हात कोणता ठेवलास?’

मग माझ्याच डेकलिस्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तू जे लिहिलंस ते मी जपून ठेवलंय. साठातून सात गेली, उरली त्रेपन्न. त्यांत लँड एकोणीस, बाकीची चौतीस. मी दुसरा खेळत होतो, म्हणजे दुसऱ्या पाळीपर्यंत दोन कार्डं ओढायला मिळणार. दोन्ही वेळा लँड न येण्याची शक्यता चौतीस भागिले त्रेपन्न, गुणिले तेहतीस भागिले बावन्न. उत्तराखाली दोन रेघा मारल्यास: शंभरात चाळीस. ‘शंभरात चाळीस वेळा जे होतं त्याला बॅड लक म्हणायचं?’ वर आणखी, ‘आणि मेगाब्लॉक पेपरात छापून येतो. छापून येतं ते कसलं नशीब?’

खरं सांगू, तेव्हा तुझा इतका राग आला होता की पुढचे दोन महिने मी तिकडे फिरकलो नाही. चार सामने हरून बसलेल्या पोराला निदान ‘होतं असं कधीकधी’ तरी म्हणावं की नाही?

परत आलो ते पेन आणि वही घेऊन. तू वही पाहिलीस, बोलला काही नाहीस. त्या दिवशीच व्हिजिटिंग कार्डाच्या प्लॅस्टिकच्या डबीतून चार गोब्लिन गाइड काढून माझ्यासमोर ठेवलेस. माझ्या बर्नमध्ये तेच नव्हते, आणि माझ्या खिशाला परवडणारेही नव्हते. त्यांच्या जागी मी काहीतरी स्वस्तातलं भरून वेळ मारून नेत होतो. ‘परत कधी देऊ?’ तर म्हणालास, ‘टॉप एटमध्ये गेलास की.’ म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या आठांत.

गोब्लिन गाइड स्वभावानं अगदी तुझ्यासारखा आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. एका मॅनात येतो, आल्या पाळीलाच अंगावर धावून जातो, आणि हल्ला करता करता समोरच्याच्या डेकचं वरचं कार्ड उघडतो. ते लँड असेल तर समोरच्याला देऊन टाकतो. मार खाणाऱ्याला फुकट लँड! पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, छपाईची चूक असणार.

त्या वर्षभरात पोटमाळ्यावर तू एक नियम लावलास. हरल्यावर नशिबाची गोष्ट जो सांगेल त्यानं सगळ्यांना कटिंग पाजायचा. खालच्या चहावाल्याचं कुटुंब काही महिने माझ्यावर चाललं असेल. पण हळूहळू गोष्टी आखूड होत गेल्या. ‘अरे, त्याला नेमकं शेवटच्या पाळीला...’ एवढं तोंडातून निघायचं, सगळ्यांचे हात चहासाठी वर व्हायचे आणि मी गप्प. आणि गप्प बसलं की पुढच्या फेरीत डोकं जागेवर असायचं, हा फायदा तू कधी सांगितला नाहीस. तो मला सापडला. आधी एक हरलो की पुढचे दोन त्याच रागात घालवायचो.

२०१९मध्ये मलिगनचा नियम बदलला. आता दर वेळी पुरी सात ओढायची आणि टाकलेल्या हातामागे एक कार्ड तळाशी ठेवायचं. मला वाटलं, माझ्यासाठीच बदलला. त्याच वर्षी ती चोवीस जणांची स्पर्धा. चार फेऱ्यांनंतर माझे नऊ गुण, तुझे नऊ, आणि पाचव्या फेरीत यादी लागली तर समोरासमोर आपण दोघं. बरोबरी घेतली तर दोघांचे दहा होतात आणि दोघंही आत जातो. चिठ्ठीवर सह्या करून आपण खाली वडापाव खायला गेलो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा सामना मी असा न खेळता, लसणाच्या चटणीसोबत काढला.

आणि उपउपांत्य फेरीत परत तूच! या वेळी वडापाव नाही. तिसरा गेम, तू तीनवर, माझ्या हातात बोल्ट. म्हणजे बरोबर तुझ्या मरणाएवढं. तुझ्या दोन निळ्या लँड उघड्या, म्हणजे न वापरलेल्या होत्या. बोल्ट समोरच्याच्या पाळीतही मारता येतो, हे मला पहिल्या दिवसापासून पाठ होतं. तरी हात थरथरला, वाटलं आत्ता नाही तर कधीच नाही, आणि स्वतःच्याच पाळीत मारला. तू एक काउंटर, म्हणजे समोरच्याचं कार्ड रद्द करणारं कार्ड, टाकून तो विझवलास. पुढच्या पाळीत चारही लँड खर्चून जेस नावाचं कार्ड उतरवलंस. तेव्हा तुझ्याकडे काहीच उघडं नव्हतं आणि माझ्याकडे बोल्ट नव्हता. दोन पाळ्यांनी मी संपलो.

दादरच्या फलाटावर बदलापूर लोकलची वाट बघताना तू म्हणालास, ‘माझ्याकडे तो एकच काउंटर होता. थांबला असतास तर मी मेलो होतो.’ मी म्हटलं, ‘मला काय माहीत एकच आहे ते?’ ‘माहीत असायची गरजच नव्हती. चार लँड खर्चल्याशिवाय मला जिंकता येत नव्हतं, ते टेबलावर दिसत होतं. तुला घाई नव्हती, मला होती.’ गाडी आली. त्या गर्दीत, एका पायावर उभं राहून, डोंबिवलीपर्यंत मी तेच वाक्य चघळत होतो. आजही कागदावर आयुष्य लिहिताना बाजूला बारीक अक्षरात लिहितो: ‘घाई कुणाला?’

कार्डं परत द्यायला गेलो तर तू अट बदललीस. ‘टॉप एटचं जाऊ दे. मला हरवलंस की दे.’

मग २०२० उजाडलं, पोटमाळा बंद झाला, तुझी नाशिकला बदली झाली, घरात बाळ आलं. त्याबद्दल काय लिहायचं. खेळ परत सुरू झाला, २०२२पासून पात्रता स्पर्धांचा नवा फेरा लागला, आणि मी जात राहिलो. कधी टॉप एट, कधी दोन हरून दुपारीच घरी. एकदा अंतिम सामन्यापर्यंत गेलो. तिथे मी चांगलाच खेळलो आणि हरलो, तरी तुला रात्री अकराला फोन केला. तू आधी झोपलेल्या बाळावरून शिव्या दिल्यास, मग तिन्ही गेम पाळी-पाळीनं ऐकून घेतलेस.

आता मागच्या महिन्यातलं. तुला फोनवर अर्धंच सांगितलं, कारण बाळ रडायला लागलं. पाचवी फेरी, जिंकलो तर नक्की आत. तिसरा गेम, मी दुसरा खेळणार. सात कार्डं उचलली: एक लँड, तीन बोल्ट, आणि तुझा एक गोब्लिन गाइड. शपथेवर सांगतो, २०१८चाच हात. समोरचा पोरगा बघत होता. मी ती खाली ठेवली आणि पिसायला घेतलं. नव्या सातांत लँड एकही नाही. परत पिसलं. पाच कार्डांवर खेळलो आणि सहाव्या पाळीला हरलो.

तरी नऊ गुणांवर आठव्या जागेची आशा होती. सारखे गुण असले की आपल्या प्रतिस्पर्ध्यांनी किती टक्के सामने जिंकले ते पाहतात. माझा पहिल्या फेरीतला प्रतिस्पर्धी दोन हरून स्पर्धा सोडून गेला होता. त्याचे शून्यच, पण हिशेबात अशांना किमान तेहतीस टक्के धरतात, तेवढे धरले. यादी लागली. मी नववा.

तुला फोन लावला. तू विचारलंस, ‘शेवटी कोणता हात ठेवलास?’ मी म्हटलं, ‘ठेवला नाही. एक लँड होती.’ तू जरा वेळ काहीच बोलला नाहीस. मग म्हणालास, ‘बरं केलंस,’ आणि मागून रडण्याचा आवाज आला.

त्या ‘बरं केलंस’बद्दल हे पत्र आहे दादा. आभारी आहे. गोब्लिन गाइडांबद्दल, त्या दोन रेघांबद्दल आणि पहिल्या दिवशी ‘होतं असं कधीकधी’ न म्हटल्याबद्दल.

गाइड अजून माझ्याकडेच आहेत. एकाच्या स्लीव्हचा कोपरा दुमडलाय, तो बदलून ठेवतो. दिवाळीनंतर पोटमाळ्यावर स्पर्धा आहे. वहिनींना विचार आणि सकाळच्या पंचवटीनं ये. मी आदल्या रात्रीच तिथल्या मित्राकडे मुक्कामाला जाणार आहे, कारण रविवार आहे. आणि पाचव्या फेरीत समोर आलास तर चिठ्ठी पुढे सरकवून वडापावचं नाव काढू नकोस. मला तुझी कार्डं परत करायची आहेत.

तुझा,
डोंबिवलीचा बोल्टवाला